गृहिणीचे फडताळ : जायफळाचे वेढे

दिवाळीच्या अंकात विषाची गोष्ट काढायची म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखेच. पण ही गोष्ट घडली ऐन दिवाळीत, आणि तिचा शेवट गोड झाला म्हणूनच सांगायचे धाडस करते.

वसुबारसेचा दिवस. आमच्या वन्संच्या घरी चकल्यांचा घाणा चालू होता आणि पाळण्यात त्यांची तीन महिन्यांची नात किरकिरत होती. वन्संनी सहाणेवर जायफळ उगाळून तिला चाटवले. तास गेला तरी पोर झोपेना. “आज गुण का बरं येत नाही?” म्हणत त्यांनी पुन्हा उगाळले, आणि या खेपेस चांगले दाट. संध्याकाळी पोर झोपली ती अशी, की दूध प्यायलाही उठेना. तोंड लाल झालेले, छाती धडधडत होती. सूनबाईने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच तिला उचलून दवाखाना गाठला.

“आजी, काय चाटवलंत?” डॉक्टरांनी विचारले.

“जायफळच हो. आम्ही सगळे त्यावरच वाढलो.”

“पण किती?”

वन्सं गप्प झाल्या. त्या ‘किती’तच सारे आले.

पोरीला रात्रभर नजरेखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ती भुकेने रडली, तेव्हा ते रडणे आम्हाला सनईहून गोड वाटले!

जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. मोठ्या माणसाच्या पोटात पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ गेले, तरी घशाला कोरड, मळमळ, धडधड, गरगरणे असे प्रकार सुरू होतात. कधी कधी भासही होतात. पुर्किन्ये नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८२९ साली तीन जायफळे खाऊन हा अनुभव स्वतःवरच घेतला होता. मग तान्ह्या जिवाला किती थोडे पुरत असेल, याचा विचार करा.

खरी मेख पुढेच आहे. जायफळाचा अंमल लगेच चढत नाही. त्याला तीन ते सहा तास लागतात. तासाभरात गुण दिसला नाही म्हणून आपण दुसऱ्यांदा देतो, आणि मग दोन्हींचा अंमल एकदम चढतो. वन्संचे नेमके हेच झाले.

म्हणून श्रीखंड-बासुंदीतून जायफळ हद्दपार करायचे का? मुळीच नाही. किलोभर चक्क्याला आपण पाव चमचा पूड घालतो, आणि ते श्रीखंड आठ-दहा जण खातात. वाटणीला येते ती चिमटीचाही अंश. त्यात भिण्यासारखे काही नाही.

जुन्या बायका सहाणेवर वेढे मोजून उगाळत. माप होते म्हणून पुष्कळदा निभावले. पण एक जायफळ दुसऱ्यासारखे नसते आणि सगळ्यांचा हातही सारखा नसतो. शिवाय आता घरोघरी तयार पूड आली, तिथे वेढे कुठले मोजणार? आजचे डॉक्टर तर सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही देऊच नका म्हणतात. गुटी नको, मध नको. ते ऐकण्यातच शहाणपण आहे.

गरोदर बाईनेही झोपेसाठी जायफळाची पूड घेऊ नये. चुकून कुणाच्या पोटात जास्त गेलेच, तर घरी ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नका. जायफळावर उतारा असे औषध नाही. दवाखाना गाठावा आणि काय, किती व केव्हा दिले ते न लाजता सांगावे. वन्सं आधी लाजल्या होत्या, पण शेवटी त्यांनी दोनदा दिल्याचे कबूल केले, आणि त्याचाच डॉक्टरांना उपयोग झाला.

भाऊबिजेला वन्संकडे श्रीखंड होते. गुटीच्या बटव्यातले जायफळ त्यांनी आपल्या हाताने काढून मसाल्याच्या डब्यात ठेवले आणि सूनबाईला म्हणाल्या, “चिमूटभरच घाल गं, मोजून.”