मेहनत एकाची, नफा दुसऱ्याचा

काही कंपन्या खोऱ्याने पैसा ओढतात आणि काही रात्रंदिवस राबूनही कर्जातून वर येत नाहीत. असं का होतं? आपल्याकडे याचं एकच उत्तर विकलं जातं. मालक हुशार होता, पहाटे चारला उठायचा, त्याने मोठं स्वप्न पाहिलं. यशोगाथांच्या पुस्तकांत, उद्योजकता शिबिरांत, व्हॉट्सॲपवरच्या बोधकथांत हेच ऐकून माझे कान किटले आहेत. हे उत्तर अर्धवट आहे आणि क्रूरही. नफा म्हणजे गुणांचं बक्षीस असं मानलं, की ज्याच्या पदरी नफा नाही तो आपोआप आळशी किंवा अडाणी ठरतो. मालेगाव, भिवंडीतल्या यंत्रमागवाल्यांना, ज्यांत मुसलमानच अधिक आहेत, वर्षानुवर्षं हेच सुनावलं जातं.

कारभाराला किंमत नाही, असं मी म्हणत नाही. किंगफिशर 2005 साली उडाली, इंडिगो 2006 साली. आकाश तेच, इंधन तेच, प्रवासीही तेच. इंडिगोने पहिली अनेक वर्षं एकाच जातीची विमानं वापरली. त्यामुळे वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती सगळं सोपं आणि स्वस्त झालं. किंगफिशरने थाटमाट केला, 2007 साली तोट्यातली एअर डेक्कन गळ्यात बांधून घेतली आणि 2012 साली तिची विमानं कायमची जमिनीवर आली. इथे फरक कारभाराचा होता, हे मान्य.

पण नुसत्या काटकसरीने नफा होत असता, तर आमचे यंत्रमागवाले केव्हाच गब्बर झाले असते. जुनाट माग ठोकूनठाकून चालवायचे, कामगार आला नाही तर स्वतः मागावर उभं राहायचं. याहून काटकसर ती कोणती? यातले कितीतरी जण मजुरीवर कापड विणतात. इचलकरंजीत त्यांना ‘खर्चीवाले’ म्हणतात. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. वीजबिल, दुरुस्ती आणि कामगारांचा पगार मात्र मागवाल्याच्या माथी. अशा माणसाने खर्च कमी केला तर काय होतं? शेजारचाही तेच करतो आणि व्यापारी दोघांचीही मजुरी खाली आणतो. वाचवलेला पैसा अलगद दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो. कारण याने नाही म्हटलं, तर तेच कापड विणून द्यायला दुसरे माग तयारच असतात.

खरी मेख इथे आहे. ज्याच्यावाचून दुसऱ्याचं अडतं, नफा त्याच्यापाशी थांबतो. हा नियम गरिबांपुरता नाही. 1981 साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा ती संगणकाच्या दुनियेतली सगळ्यात बलाढ्य कंपनी होती. पण आतली चिप इंटेलची होती आणि ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. शिवाय ती सिस्टीम इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला होता. थोड्याच काळात कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तसेच संगणक बनवायला सुरुवात केली. किमती पडत गेल्या. डबा कुणाचाही घ्या, आतल्या दोन वस्तूंचे पैसे ठरलेल्या दोघांनाच जाणार! शेवटी 2005 साली आयबीएमने हा धंदाच लेनोवोला विकून टाकला. आयबीएमचे इंजिनिअर काय झोपा काढत होते? नाही. ज्या जागी नफा होता, ती जागा त्यांच्या हातातून गेली होती.

ही जागा कधी करारातून मिळते, कधी सरकारच्या मेहेरबानीतून. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात दूध गोळा करण्याचा मक्ता मुंबई सरकारने पोल्सन कंपनीला दिला होता. म्हशी शेतकऱ्यांच्या, राबणं शेतकऱ्यांचं, भाव मात्र पोल्सन आणि तिचे दलाल सांगतील तो. त्या शेतकऱ्यांना कुणी पहाटे उठायला शिकवायची गरज नव्हती. पहाटेच तर धारा काढायच्या असतात! त्यांनी 15 दिवस दूध विकणं बंद केलं आणि 1946 साली स्वतःचा संघ काढला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले, पुढे कुरियन आले. 1955 साली म्हशीच्या दुधाची पावडर करणारा कारखाना आणंदमध्ये उभा राहिला आणि ‘अमूल’ हे नाव घरोघरी गेलं. म्हशी त्याच होत्या, माणसंही तीच होती. प्रक्रिया, नाव आणि बाजार तेवढे त्यांच्या ताब्यात आले.

‘सहकारी’ अशी पाटी लावली की काम भागतं, असं कुणी समजू नये. महाराष्ट्रातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या त्या पाटीखालीच बंद पडल्या. तिथे इंडिगोवाली शिस्तही लागते. पण शिस्तीचं फळ स्वतःच्या पदरात पडण्यासाठी आधी भाव ठरवण्याची ताकद हवी. मागवाल्यांनी मिळून सूत विकत घेतलं, रंगाई-छपाई हातात घेतली, स्वतःच्या नावाने कापड विकलं, तर ती ताकद येऊ शकते. एकेकट्याने पहाटे उठून ती येणार नाही.

म्हणून यापुढे कुणी कंपनीच्या नफ्याची गोष्ट सांगू लागला, तर मालक किती वाजता उठतो हे विचारू नका. तिथे भाव कोण ठरवतं आणि ‘नाही’ म्हणण्याची ऐपत कुणाची आहे, एवढं विचारा. आणि ज्याला ती ऐपत कधी मिळालीच नाही, त्याला मेहनतीचे धडे देणं आता थांबवा.