आमिष कोणी कोणाला दाखवलं?

धर्मांतराची बातमी आली की आपल्याकडे तोंडात पहिला शब्द येतो तो 'आमिष'. 1981 साली तामिळनाडूतल्या मीनाक्षीपुरमचे दलित मुसलमान झाले, तेव्हा चर्चा झाली ती आखाती पैशाची. जातीच्या जाचाबद्दल ते लोक स्वतः काय सांगत होते, ते ऐकायची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

म्हणून मी इथे एका अशा पंथाचं उदाहरण घेतो ज्याच्याशी आपलं ना प्रेम, ना वैर. मॉर्मन. त्यांचा पैगंबर, त्यांचा नवा धर्मग्रंथ, यातलं मला काहीच पटत नाही. खत्मे नुबूवत मानणाऱ्या माणसाला ते पटणारही नाही. पण मुद्दा त्यांच्या अकीद्याचा नाही.

1837 साली त्यांचे प्रचारक इंग्लंडातल्या प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावी पोचले. रिबल नदीत पहिल्या नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या काही वर्षांत हजारो आले. 1850च्या सुमारास यूटापेक्षा ब्रिटनमध्येच मॉर्मन जास्त होते. बहुतेक कामगार, कारागीर. भोळी गरीब माणसं फसवली, असं तेव्हाही म्हटलं गेलं. अमेरिकेला नेण्यासाठी एक निधी होता खरा, पण ते कर्ज होतं, फेडायचं. 1856 मध्ये तर बैलगाड्यांचा खर्च परवडेना म्हणून लोकांनी हातगाड्या ओढल्या, आयोवा ते सॉल्ट लेक, दोन हजारांवर किलोमीटर. उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना वायोमिंगच्या बर्फाने गाठलं आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. याला आमिष म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि जाऊन पोचायचं कुठे? ज्या पंथाला मिसूरीच्या गव्हर्नरने 1838 मध्ये राज्यातून हाकला, नाहीतर संपवा, असा हुकूम काढला होता, ज्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ 1844 मध्ये तुरुंगात जमावाच्या गोळ्यांनी मेला, त्या पंथात. 1879 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याने युरोपातल्या सरकारांना कळवलं की तुमच्याकडून येणारे हे मॉर्मन थांबवा. बहुपत्नीत्वाचं कारण होतं. (जोसेफ स्मिथला 'अमेरिकन मोहम्मद' म्हणत, शिवी म्हणून. तिथेही आपलंच नाव उपयोगी पडलं.)

हे लोक पुण्यालाही येऊन गेले. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईत उतरला, पुण्यात थोडे अनुयायी मिळवले. काही वर्षांत गाशा गुंडाळला. पटलं नाही, लोक गेले नाहीत. कायदा लागला नाही.

पण या कथेत जेन मॅनिंग जेम्सही आहे, आणि तिच्यापाशी मला थांबावं लागतं. कनेटिकटची काळी, स्वतंत्र स्त्री. 1843 मध्ये बोटीवर घेईनात म्हणून ती आणि तिचे लोक बफेलोपासून नावूपर्यंत शेकडो मैल चालत गेले. आयुष्यभर ती पंथात राहिली, यूटाला गेली, म्हातारी झाली आणि मंदिरातल्या सर्वोच्च विधींचा हक्क पुन्हा पुन्हा मागत राहिली. मिळाला नाही. 1894 मध्ये तिला जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी 'जोडलं' गेलं, पण नोकर म्हणून! 1908 मध्ये ती वारली. काळ्यांवरची ती बंदी उठली 1978 साली.

आता आपल्या गल्लीत या. नवमुस्लिमाच्या कलम्याचा व्हिडिओ आपण सगळ्या ग्रुपांवर फिरवतो. सुबहानअल्लाह, माशाअल्लाह. वर्षभराने त्याच्या मुलीसाठी स्थळ आलं की विचारतो, मूळचे कोण? सय्यद, शेख, पठाण एका बाजूला आणि मेहतर, फकीर, खाटीक दुसऱ्या बाजूला, ही वाटणी कोणत्या हदीसमधून आली? मशिदीत एका सफेत उभे राहतो, एवढ्यावर आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो. सफ दहा मिनिटांची असते.

आणि जो जातो त्याचं काय? सूरे बकराची ती आयत सगळ्यांना पाठ आहे, भाषणात हमखास येते. घरातला मुलगा निघाला की तीच माणसं 'मुरतद' म्हणत जनाज्याच्या गोष्टी करतात. उत्तर प्रदेशचा 2021चा कायदा धर्म बदलण्याआधी 60 दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवायला लावतो, त्याला मी अन्याय म्हणतो. पण त्याच्याविरुद्ध सही करायला आलेल्या दोघा-तिघांना मी विचारलं, हाच हक्क तुमच्या पोराला द्याल का? सही करून झाली होती, म्हणून ते चहा न घेता गेले.