जतला आलेला मास्तर

परीक्षा आटोपल्या की सांगली-साताऱ्याच्या मैदानांवर उन्हाळी शिबिरांचे फ्लेक्स लागतात. बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव ठळक अक्षरांत. वर्षभर त्याच पोरांना पळवणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकाचं नाव असलंच तर तळाशी, मंडपवाल्याच्या शेजारी. पाहुणे आठ-दहा दिवस राहतात, दिसेल त्या पोराची ग्रिप बदलतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि गाडीत बसतात. जूनमध्ये पोरगं धड जुन्या ग्रिपवर नसतं, धड नव्या. ते निस्तरायचं काम अर्थातच आपल्याकडे येतं.

म्हणून बाहेरचा प्रशिक्षक नकोच, असं म्हणणारा एक गट आपल्या व्यवसायात आहे. आम्ही त्या गटात नाही. बाहेरच्या मास्तरकडून काय मिळू शकतं याचा अस्सल दाखला याच भागात, सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला घडलेला आहे.

जत हे तेव्हा डफळ्यांचं छोटं संस्थान होतं. दुष्काळी मुलूख, एका अंगाला विजापूर, गावात मराठीइतकीच कानडी. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात जतच्या राजेसाहेबांनी क्रिकेट शिकवायला थेट ऑस्ट्रेलियाहून क्लॅरी ग्रिमेट यांना बोलावलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण सांगलीच्या शाळामास्तरांचा मुलगा होता: विजय सॅम्युअल हजारे.

ग्रिमेट म्हणजे कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारे पहिले गोलंदाज. पण तिथवर पोचायला या माणसाला अर्धं आयुष्य वणवण करावी लागली. जन्म १८९१चा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. वेलिंग्टनकडून खेळले, तेव्हा न्यूझीलंडला कसोटीचा दर्जाच नव्हता. १९१४ साली सिडनीला गेले, तिथे क्लब क्रिकेटच्या पुढे जाता आलं नाही. मग मेलबर्न. व्हिक्टोरियाने कित्येक मोसमांत मिळून जेमतेम पाच सामने दिले. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवणं चालूच होतं. शेवटी ॲडलेडने घर दिलं, आणि १९२५ साली सिडनीला पहिली कसोटी खेळले तेव्हा वय ३३ होतं. त्या सामन्यात ११ बळी घेतले.

मधल्या वर्षांत संघाबाहेर बसून त्यांनी काय केलं, हे प्रशिक्षकांनी नीट पाहण्यासारखं आहे. घराच्या आवारात खेळपट्टी करून ते एकटे गोलंदाजी करत. पाळलेल्या कुत्र्याला त्यांनी शिकवून ठेवलं होतं: षटक पुरं होईपर्यंत तो बसून राहायचा, मग चेंडू गोळा करून आणायचा. फ्लिपर नावाचा चेंडू, अंगठा आणि बोटांच्या चिमटीतून चुटकी वाजवावी तसा सोडलेला, टप्पा पडताच सरळ घसरत येणारा, त्यांनी अशाच एकांतात वर्षानुवर्षं घोटला. मदतीला ना प्रशिक्षक, ना व्हिडिओ. चेंडू असा का वागला, याचं उत्तर प्रत्येक वेळी स्वतःलाच द्यावं लागे. त्यांनी गोलंदाजीवर पुस्तकंही लिहिली. ज्याला सगळं जन्मतः जमतं, त्याला ते कसं जमतं हे सांगता येतंच असं नाही. ज्याने सिडनी-मेलबर्नला नकार खाऊन एकेक गोष्ट कमावली, त्याच्याकडे तिचा हिशेब असतो. १९३५-३६च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात पाच कसोटींत ४४ बळी घेऊनही पुढे त्यांना कसोटी संघात जागा मिळाली नाही. एकूण ३७ कसोटी, २१६ बळी. जतला मिळाला तो हा मास्तर.

आता शिष्याकडे पाहू. हजारे फलंदाजीला उभे राहत ते कोणत्याही पुस्तकात बसणारं नव्हतं. बॅट दोन्ही पॅडच्या मधे धरलेली, मुठीवरच्या दोन हातांत फट. आज आपल्या शिबिरात असा मुलगा आला, तर पहिल्या अर्ध्या तासात त्याचे हात जुळवून दिले जातील. हजारे ग्रिमेटकडे शिकून गेले आणि ती ढब आयुष्यभर तशीच राहिली. फिरकीच्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जाणकाराकडे शिकूनही ते फिरकी गोलंदाज झाले नाहीत, मध्यमगतीच टाकत राहिले आणि प्रथमश्रेणीत त्यांनी ५९५ बळी घेतले. गुरूची नक्कल शिष्याच्या अंगावर कुठेच दिसत नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९३९-४०च्या मोसमात पुण्याला बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६. पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’च्या ३८७ धावांत एकट्याच्या ३०९. आणि जानेवारी १९४८मध्ये ॲडलेडला, म्हणजे ग्रिमेट यांच्याच गावच्या मैदानावर, लिंडवॉल-मिलर यांच्या माऱ्यासमोर एकाच कसोटीत ११६ आणि १४५. ऑस्ट्रेलियाने ६७४ केल्या होत्या, भारत डावाने हरला. पण कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे पहिले भारतीय हजारे तिथे ठरले. बॅट पॅडच्या मधेच होती.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल: हजारे हजारे होते. साध्या पोराच्या वाकड्या ढबीला हात लावला नाही, तर तो जिल्हा संघाच्या पुढे जाणार नाही. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर साताऱ्याकडे मिळतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत घडलेले मल्ल. आपल्याकडची कुस्ती चितपटीवर सुटते. ऑलिंपिकची मॅटवर, वेळेत, गुणांवर. १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकन माजी विजेत्याने खाशाबांना शिकवलं. खाशाबा तेव्हा फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन आले. त्या पदकाचं श्रेय एकट्या गार्डनरना देता येणार नाही. आखाडा, वस्ताद आणि खाशाबांची स्वतःची मेहनत त्यामागे होती. पण मातीवरच्या मल्लाला मॅट शिकावीच लागते. तिथे ‘आमची पद्धत’ म्हणून अडून बसण्यात अर्थ नसतो.

दोन्ही दाखले शेजारी ठेवले की कामाची कसोटी हाती लागते. खेळाडूत काही बदलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे नियमाच्या किंवा मैदानाच्या आड येतंय का? याने दुखापत होईल का? वरच्या दर्जाच्या खेळात प्रतिस्पर्धी याचा फायदा घेईल का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती निव्वळ ढब आहे. तिला हात लावू नये. एकाचं जरी ‘हो’ असेल, तर बदलायला हवं, आणि लवकर बदलायला हवं. डोळ्यांना खटकतं, हे कारण पुरेसं नाही.

हाच नियम आपल्यातल्या परदेशी जाणाऱ्यांनाही लागू आहे. नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या महिला कबड्डी संघाच्या प्रशिक्षक झाल्या, खेळाडूंशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने भारताला २७-२४ असं हरवलं. संदीप पाटील यांच्या मार्गदर्शनाखाली केनिया २००३च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोचला. परक्या मैदानावर उतरणाऱ्या प्रशिक्षकाला आधी समोरच्या खेळाडूंना वाचावं लागतं. ते न करता नुसती घरची तालीम तिथे मांडली, तर निभाव लागत नाही.

तेव्हा शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना आणि अकादम्यांना आमची सूचना अशी. पाहुणा निवडताना त्याचे सामने आणि धावा जरूर बघा, पण त्याने आजवर कोणाला आणि किती काळ शिकवलं, हे आधी विचारा. पहिले दोन दिवस त्याला फक्त पाहू द्या. त्याआधी प्रत्येक मुलाचं एक पान स्थानिक प्रशिक्षकाने भरून द्यावं: किती वर्षं खेळतो, कशावर बाद होतो, काय दुखतं, काय बदलून पाहिलं आणि काय फळलं नाही. बदल सुचवला, तर तो स्थानिक प्रशिक्षकाच्या समोर, कारणासह सुचवावा; कारण उरलेले अकरा महिने तो त्यालाच सांभाळायचा असतो. आणि मानधनाच्या करारात एक अट असावी, की सहा महिन्यांनी पाहुण्याने त्याच मुलांना पुन्हा एकदा पाहावं.

ज्याला ही अट जाचक वाटेल, त्याला बोलावण्याची घाई करू नये. जत संस्थानाने मागवलेल्या मास्तरच्या कामाचा हिशेब पुढे दहा वर्षांनी ॲडलेडच्या धावफलकावर मांडला गेला. आपल्या शिबिरांचा हिशेब निदान दिवाळीपर्यंत तरी मांडता यावा.