फॉर्म चूक अडवतो, पण खरं स्वीकारतो का?

ऑनलाइन माहिती भरणं आता आपल्या रोजच्या कामाचाच भाग झालं आहे. रकान्यात काही चुकलं की लाल अक्षरांत सूचना येते आणि फॉर्म पुढे सरकत नाही. यालाच व्हॅलिडेशन म्हणतात. ते हवंच. पण त्याची चाचणी घेताना बहुतेक वेळा एकच पाहिलं जातं, चुकीची माहिती अडते का? माझ्या मते दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे : खरी माहिती आत जाते का?

१०० गुणांच्या पेपरचा रकाना घ्या. टेस्टर सीमेवरचे आकडे टाकून बघतो. ० आणि १०० गेले पाहिजेत, –१ आणि १०१ अडले पाहिजेत. छान! पण गैरहजर मुलाचं काय? रकाना रिकामा सोडता येत नसेल, तर आपण ० टाकून मोकळे होतो. सॉफ्टवेअर चाचणीत पास, नोंद मात्र खोटी. तापाने घरी झोपलेलं मूल कागदावर नापास झालं आणि वर्गाची सरासरीही घसरली.

नावाचंही तसंच. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांची नोंद 'अक्षर' म्हणून नाही, 'चिन्ह' म्हणून आहे. त्यामुळे 'फक्त अक्षरे चालतील' असा नियम लिहिला, तर 'कमल' आत जाते आणि 'सीता' बाहेर राहते! एकट्या 'कमल'वर चाचणी घेतली तर ही चूक कधी कळणारच नाही.

आधार क्रमांक १२ अंकी असतो. त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो चूक पकडतो. पण गणपतच्या रकान्यात गंगूचा बरोबर क्रमांक टाकला तर? तो मुकाट आत जातो. म्हणजे व्हॅलिडेशन माहितीचा आकार तपासतं, तिचा खरेपणा नाही.

म्हणून चाचणीच्या यादीत चुकीच्या नोंदींइतक्याच 'वेगळ्या पण खऱ्या' नोंदी हव्यात : २९ फेब्रुवारीचा जन्म, आडनाव न लावणारं मूल, फक्त आईचं नाव लावणारं मूल. अशी मुलं आपल्या जनरल रजिस्टरात सापडतात. फॉर्म सुरू करण्याआधी तो एकदा शाळेत बसून भरून बघावा. नाहीतर खऱ्याला जागा नाही म्हणून आपण रकान्यात टिंब देत राहू, आणि त्या टिंबालाच माहिती म्हटलं जाईल.