हिरोज ३ : कंपनीकडे कोड नाही, चाहत्यांकडे गेम आहे

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा गेम १९९९ सालचा. मी तो खेळलो मित्राच्या घरी, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने. माझी खेळी चालू असताना त्याने स्क्रीनकडे पाठ करून बसायचं, असा आमचा नियम होता. (तो पाळला जायचा असं मी म्हणत नाही.) परवा नव्या लॅपटॉपसाठी पुन्हा शोधायला गेलो तर ऑनलाइन दुकानांत दोन आवृत्त्या दिसल्या, एक २००० ची ‘कम्प्लीट’ आणि दुसरी २०१५ ची ‘एचडी एडिशन’. साहजिकच नवी घ्यावीशी वाटते. थांबा, घाई करू नका.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक खेळी म्हणजे एक दिवस, सात दिवसांचा आठवडा. नवं सैन्य मिळतं ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी. त्यामुळे सहाव्या दिवशी पुढची सोन्याची खाण गाठायची की किल्ल्याकडे परतायचं, या एका प्रश्नापायी रात्रीचे दोन कधी वाजतात ते कळत नाही.

न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगने हा गेम बनवला, थ्रीडीओने प्रकाशित केला. मूळ गेममध्ये आठ प्रकारची शहरं होती. ‘आर्मगेडन्स ब्लेड’ या विस्तारात नववं आलं, मग २००० मध्ये ‘शॅडो ऑफ डेथ’. २००३ मध्ये थ्रीडीओ दिवाळखोरीत गेली आणि युबिसॉफ्टने ही मालिका सुमारे १३ लाख डॉलरना विकत घेतली.

खरी गोची इथून पुढे आहे. २०१५ ची एचडी आवृत्ती आली तेव्हा दोन्ही विस्तार त्यात नव्हतेच. कारण सांगितलं गेलं ते असं, की त्यांचा वापरता येईल असा सोर्स कोड उपलब्ध नाही. म्हणजे नाव विकत घेतलं, हक्क घेतले, पण गेम ज्यातून बनतो तो मजकूरच हाताशी नाही! चित्रं चकचकीत झाली आणि गेम लहान झाला.

चाहत्यांकडेही सोर्स कोड नव्हता. पण ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’च्या मंडळींनी तयार प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो हे शोधलं आणि त्यावर स्वतःचा विस्तार चढवला. २०११ मध्ये ‘कोव्ह’ हे समुद्री चाच्यांचं शहर आलं, नंतर ‘फॅक्टरी’. दुसरा प्रकल्प ‘व्हीसीएमआय’. त्यांनी इंजिनच नव्याने लिहिलं आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. चित्रं, आवाज, नकाशे मात्र तुमच्या विकत घेतलेल्या प्रतीतून घ्यावे लागतात. या इंजिनामुळे गेम लिनक्सवर आणि अँड्रॉइड फोनवरही चालतो.

मजेसाठी मी ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ खेळतो, पण पुढच्या वीस वर्षांसाठी पैज लावायची तर व्हीसीएमआयवर लावीन. पहिला प्रकल्प शेवटी जुन्या विंडोज प्रोग्रामच्या खांद्यावर बसलाय. तो प्रोग्राम एखाद्या नव्या विंडोजवर चालेनासा झाला तर सगळंच अडेल. खुला कोड मात्र कुणीही उचलून दुरुस्त करू शकतो.

२०२४ मध्ये ‘ओल्डन एरा’ हा नवा भाग जाहीर झाला. त्यात जुन्या भागांची, मुख्यतः तिसऱ्याचीच, धाटणी परत आणल्याचं दिसतं. हे आधी सुचलं असतं तर मधले दोन-तीन भाग वाचले असते, असं माझं मत.

तर, घ्यायचा असेल तर जीओजीवरची ‘कम्प्लीट’ आवृत्ती घ्या. वरचे दोन्ही प्रकल्प तिच्यावर चालतात, एचडीवर नाही.