एक ना धड, भाराभर चिंध्या?

आमच्या एका स्नेह्यांनी परवा आमच्यापुढे एक प्रश्न टाकला. त्यांची कन्या पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाली, गुण उत्तम मिळाले, आणि आता इंजिनिअरिंग फिजिक्स, म्हणजे ज्यास आपण अभियांत्रिकी पदार्थविज्ञान म्हणू, त्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास करावा असे तिच्या मनाने घेतले आहे. स्नेही स्वतः विद्वान, घरात तीन कपाटे ग्रंथांनी भरलेली. ते म्हणाले, "अहो, इंजिनिअर व्हायचे तर बारावीनंतरच व्हायचे होते, शास्त्रज्ञ व्हायचे तर सरळ एम. एस्सी. करावे. हे मधलेच काय काढले? एक ना धड, भाराभर चिंध्या!" हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर आम्ही चहाच्या पेल्याबरोबर ते संपविले असते. परंतु महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत, आणि अधिक खेदाची गोष्ट म्हणजे आमच्या महाविद्यालयांच्या शिक्षकदालनांतही, हेच मत ब्रह्मवाक्याप्रमाणे चालत आले आहे. म्हणून त्याचा समाचार उघडपणे घेणे आम्हांस प्राप्त आहे.

पदार्थविज्ञान एका खणात आणि इंजिनिअरिंग दुसऱ्या खणात, ही वाटणी कोणी केली? सृष्टीने तर खास केली नाही. ती आमच्या प्रवेशपुस्तिकांनी केली आहे. आपल्याकडे एम. टेक. च्या दारात उभे राहावयाचे तर सामान्यतः हाती बी. ई. असावी किंवा एम. एस्सी. असावी. म्हणजे ज्या मुलीने बी. एस्सी. केली तिने आधी दोन वर्षे एम. एस्सी. साठी द्यावयाची, मग आणखी दोन वर्षे एम. टेक. साठी, आणि या चार वर्षांत ते दोन अभ्यास एकमेकांशी एक अक्षरही बोलणार नाहीत! अशी भिंत बांधून वर भिंतीवर चढू पाहणारास "तू ना इकडचा ना तिकडचा" असे हिणवणे, यास आम्ही न्याय म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, आणि तेही दूरचे नको. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थान बहुतेक वाचकांच्या घरी ठाऊक असेल. त्याच परिसरात गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेत एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन भुजा असतात, प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब. अमेरिकेतील याच जातीच्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वलहर टिपली. भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहासहस्रांशाइतका फरक पडला तरी तो ओळखावा, अशी या यंत्रांकडून अपेक्षा असते.

हे साधते कसे, ते थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. भुजेच्या टोकास सुमारे चाळीस किलो वजनाचा काचेचा आरसा टांगलेला असतो, आणि टांगलेला असतो तोही अर्ध्या मिलिमीटरहून बारीक अशा काचेच्याच तंतूंवर. तार पोलादाची का नाही? पोलाद तर काचेहून विश्वासू! कारण असे की उष्णतेमुळे प्रत्येक वस्तूचे कण थरथरत असतात, आणि ज्या द्रव्यात अंतर्गत घर्षण अधिक त्यातील थरथर आपल्याला हव्या असलेल्या स्वरांच्या पट्टीत पसरून खऱ्या संकेताला झाकून टाकते. शुद्ध सिलिकेच्या काचेत हे घर्षण अत्यल्प. आता ज्या नळीतून लेझरचा किरण जातो ती पाहा. तिच्यातील हवा इतकी काढून घ्यावी लागते की वातावरणाच्या दाबाचा अब्जांशही नव्हे, त्याचाही सहस्रांश उरावा. पंप लावला की काम झाले असे वाटते. पण पोलादाच्या अंगात मुरलेला हायड्रोजन महिनोन्महिने पाझरत राहतो. म्हणून अमेरिकेत मुळातच कमी हायड्रोजनाचे पोलाद निवडले, आणि नळ्या जोडल्यानंतर त्या कित्येक आठवडे तापवून तो वायू बाहेर काढला. आम्ही स्नेह्यांस विचारतो: तंतू काचेचा की पोलादाचा, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा की इंजिनिअरिंगचा? नळी किती तापवावी, हे शास्त्रज्ञाने सांगावे की कारागिराने? ज्यास एकच बाजू येते त्याला येथे प्रश्नच नीट मांडता येणार नाही, मग उत्तराची गोष्ट दूर राहिली.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बीण तर आता जुनी झाली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या धातूच्या पत्र्याच्या न करता ताणलेल्या दोरांवर बसविलेल्या तारांच्या जाळीच्या केल्या. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची; टिपावयाच्या लहरी त्यांहून कितीतरी लांब; सबब लहरींस जाळी सलग आरशासारखीच भासते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. वारा गेला म्हणून सांगाडा हलका झाला, सांगाडा हलका म्हणून खर्च उतरला, आणि खर्च उतरला म्हणून गरीब देशास ती दुर्बीण परवडली. या साखळीत विज्ञानाची कडी कोठे संपते आणि यंत्रविद्येची कोठे सुरू होते हे कोणी दाखवून दिल्यास आम्ही आमचा लेख मागे घेऊ.

व्यक्तींची साक्ष हवी असेल तर तीही आहे. जॉन बार्डीन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९२८ व १९२९ साली ज्या दोन पदव्या घेतल्या त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळविणारा आजवरचा हा एकच मनुष्य. जपानचे शुजी नाकामुरा तोकुशिमा विद्यापीठाचे इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगमधील पदव्युत्तर पदवीधर. आपल्या यंत्रात हवे ते फेरफार स्वतःच करीत त्यांनी निळा प्रकाश देणारा दिवा साधला, आणि २०१४ साली त्यांस इतर दोघांसह नोबेल मिळाले ते पदार्थविज्ञानाचे. आणि भाभा? आमच्या स्नेह्यांच्या दिवाणखान्यात त्यांची तसबीर आहे! वडिलांच्या इच्छेप्रमाणे भाभांनी केंब्रिजला १९३० साली यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात दिली, मगच त्यांस मनाजोगता विषय घेण्याची मोकळीक मिळाली. तसबिरीस हार घालावयाचा आणि घरातील मुलीने तीच वाट उलट्या बाजूने धरली की कपाळास आठ्या पाडावयाच्या, हे कसे?

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र आम्हांस नाकारता येत नाही. या नावाखाली जे काही शिकविले जाते ते सारेच शिकविण्याच्या लायकीचे नसते. आम्ही एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहिली होती. चांगला ऑसिलोस्कोप कापडाखाली झाकून ठेवलेला. का, तर विद्यार्थ्यांनी बिघडवू नये म्हणून! मुले गेल्या वर्षीच्या वहीतून या वर्षीच्या वहीत आकडे उतरवीत होती. अशा ठिकाणी दोन विषयांची पाठ्यपुस्तके एकत्र बांधून वर नवे नाव छापले तर त्या खरोखरच चिंध्या होत, आणि तेथे आमचे स्नेही शंभर टक्के बरोबर. परंतु हा दोष शिवणाऱ्याचा आहे, कापडाचा नव्हे. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात हा अभ्यास १९३२ पासून चालू आहे. म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठात या विषयाच्या दोन वर्षांपैकी दुसरे सबंध वर्ष संशोधनाकरिता आणि प्रबंधाकरिता राखून ठेवलेले असते. तेथे विद्यार्थ्यास खऱ्या प्रयोगशाळेत, खऱ्या प्रश्नावर बसविले जाते. यंत्र बिघडले तर दुरुस्त करणे हाही अभ्यासच. आपल्या मुलांस तेथे पाठवा असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस तेथे सामान्यतः सहामाहीस चार ते सहा हजार युरो मोजावे लागतात, आणि तेवढे मोजणारी घरे थोडी. येथे का होऊ नये, एवढेच आमचे विचारणे.

येथे होतच नाही असेही नाही. पवईच्या संस्थेत हा विषय पदवीस शिकवितात. तुर्भ्यास अणुऊर्जा खात्याने १९५७ साली प्रशिक्षणशाळा काढली. तीत इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी दोघेही घेतात, आणि वर्षभर राबवून कामाजोगे करतात. आमचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक हात काळे करणे कमीपणाचे मानतात, इंजिनिअरिंगचे अध्यापक समीकरणांस वायफळ म्हणतात. या दोघांच्या भांडणात जे शिकवावयाचे राहून गेले ते एका सरकारी खात्यास पदरचा खर्च करून शिकवावे लागले. सत्तर वर्षे होत आली तरी विद्यापीठांस याची लाज वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

राहता राहिला नोकरीचा प्रश्न, आणि मुलीच्या बापास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. नोकरीच्या जाहिरातीत ठरीव पदव्यांची नावे असतात. निराळ्या नावाच्या पदवीस समकक्षतेचा दाखला मिळविताना चपला झिजतात. ही अडचण खरी आहे. आम्ही ती लपविणार नाही. म्हणून प्रवेशापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: पदवीपत्रावर नाव नेमके काय छापतात, प्रबंधास किती महिने देतात, आणि निर्वात पंप, लेझर, ऑसिलोस्कोप ही यंत्रे विद्यार्थ्याच्या हाती देतात की कापडाखाली ठेवतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचे दार स्वतः उघडून पाहावे लागते.

हे सर्व आम्ही स्नेह्यांस सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुलीस हाक मारून त्यांनी विचारले, "काचेचा तंतू एवढा बारीक, तर आरसा पडत कसा नाही गं?" ती कागद-पेन्सिल घेऊन बसली. आम्ही निघालो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि दोघांचा वाद अजून चालूच होता.