मजुरीचा दर आणि 1983 ची टोपली

कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत, ही तक्रार घनसावंगीपासून भोकरदनपर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. 2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये सुरू झाले, तेव्हापासून तर बाया माजल्या असे म्हणायलाही लोक कमी करत नाहीत. महिन्याला 1500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. पन्नास रुपयांत कोण घरी बसतं, याचा हिशोब बोलणाऱ्याने एकदा करावा.

दुखणे जुने आहे. आजच्या मजूर बाईची आजी सोंगणीला जायची तेव्हा तिचा रोज पेंढ्यांत मिळायचा. सालगड्याचे साल पाडव्याला ठरायचे, तेही ज्वारीची पोती, धोतरजोडी, वहाणा आणि वर थोडी रोकड असे. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उचल फेडता फेडता माणूस म्हातारा व्हायचा. पण ज्वारी महागली म्हणून त्याची मजुरी घटत नव्हती, कारण मजुरी म्हणजेच ज्वारी. मजुरी रोखीवर आली आणि महागाई थेट मजुराच्या चुलीपाशी येऊन बसली.

1972 च्या दुष्काळात याच घरांतल्या बायांनी तलावांच्या, रस्त्यांच्या कामावर माती वाहिली. त्या अनुभवातून राज्याचा रोजगार हमी कायदा आला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. 1988 साली किमान वेतन दुप्पट झाले, तसा हमीचा दरही दुप्पट झाला.

पुढे केंद्राचा कायदा आला आणि दर दिल्लीहून ठरू लागला. महाराष्ट्राला 2012-13 साली 145 रुपये होते. 2017-18 ला 201, पुढच्या वर्षी 203, त्याच्या पुढच्या वर्षी 206. दोन वर्षांत पाच रुपये! बिस्किटाचा लहान पुडा आला म्हणायचा. 2025-26 ला हा दर 312 वर गेला. पुरे शंभर दिवस काम मिळाले असे धरले, तरी वर्षाचे 31,200 रुपये होतात.

वाढ इतकी तुटपुंजी का? 2011 पासून हा दर शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाला बांधला गेला. तो निर्देशांक 1986-87 च्या पायावर उभा होता आणि मजुराच्या घरात काय-काय लागते, ही टोपली 1983 च्या पाहणीतली होती. तिच्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास वजन खाण्यापिण्याला. आता रेशनचे धान्य जानेवारी 2023 पासून फुकट आहे. बाईचा पैसा जातो तो पोराच्या शिकवणीला, मोबाईलच्या रिचार्जला, दवाखान्याला. एसटीचे भाडे जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के वाढले. बाईला अर्धे तिकीट आहे खरे, पण जालन्याला कामाला जाणाऱ्या तिच्या पोराला पुरे पडते. आजीच्या टोपलीने नातवाची महागाई मोजल्यावर दुसरे काय होणार?

2025 मध्ये 2019 च्या पायाची नवी मालिका आली, हे चांगले झाले. मात्र जुन्या तोकड्या दरावरच नवे टक्के चढवले, तर मागची तूट तशीच राहील. आधी मूळ दर उचलून घ्यावा, मग निर्देशांक लावावा.

शेतकऱ्यालाच सगळे बोल लावणेही बरोबर नाही. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली माल द्यावा लागला. त्याने वाढीव मजुरी आणायची कुठून? तरीपण गावात बसून सुटण्यासारख्या काही गोष्टी आहेत. वेचणीचा दर किलोवर ठरतो. पहिल्या वेचणीला बोंडं भरलेली असतात, बाईचे वजन चांगले भरते. तिसऱ्या वेचणीला तीच बाई दिवसभर वाकते आणि निम्मेही वजन भरत नाही, त्यात कवडी निवडायची ती वेगळीच. दर मात्र तोच. शेवटच्या वेचणीला बाया का येत नाहीत, याचे उत्तर काट्यावरच दिसते. हंगामाच्या आधी ग्रामसभेत बसून प्रत्येक वेचणीचा दर वेगळा ठरवावा, शेवटच्या वेचणीचा चढा ठेवावा आणि बाईच्या डोळ्यांदेखत वजन करून त्याच संध्याकाळी पैसे द्यावेत.